आधी मोडलं, मग पडले

"पडले न्हाई मी. आधी मोडलं, मग पडले."

आमच्या गल्लीतल्या बाईंनी हे वाक्य किती जणांना ऐकवलं, त्याचा हिशोब लागणार नाही. दवाखान्यात भेटायला आलेलं माणूस दुसरं काय विचारणार? "कशा काय पडलात हो बाई?" एवढंच. की झालं! बाई उशीवरून अर्धवट उठायच्या, बोट रोखायच्या आणि शाळेतल्या पोरीला दरडावावं तशा दरडावायच्या. समोरचं माणूस गुमान मान हलवायचं, बिस्किटाचा पुडा ठेवायचं, आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला हळूच विचारायचं, "फरशी ओली होती का गं?"

फरशी कुठली आलीय! रेणापूर नाक्यावर भाजीवालीसमोर आम्ही दोघी उभ्या होतो. मी मेथीची जुडी उलटीपालटी करत होते. बाई वांग्यांकडं वळल्या, एकच पाऊल टाकलं, आणि कड्‌ असा आवाज झाला. तो आवाज मी माझ्या या कानांनी ऐकला. बाई अजून उभ्याच होत्या. चेहऱ्यावर दुखल्याची नाही, नवलाची खूण होती. मग त्या खाली गेल्या. डाव्या मांडीचं हाड बरोबर मधोमध मोडलं होतं. म्हणून तुम्हाला शपथेवर सांगते, बाई खोटं बोलत नव्हत्या.

आता बाई म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. लातूरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. लोक म्हणायचे, यांच्या शिट्टीनं रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबते. मैदानावर शुद्ध पुस्तकी मराठी, आणि गल्लीत आल्या की आमच्यासारखंच हाय-न्हाई. मी मंदा. गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी आहे. बाईंचं घर गिरणीला लागून, म्हणजे मधे एक भिंत आणि एक कडुलिंब.

पडलात म्हटलं की त्यांना राग का यायचा, तर त्याचंही कारण होतं. "जिंदगीभर पोरींना पडायचं कसं ते शिकवलं मी," त्या म्हणायच्या. "खांदा कुठं, हात कुठं, मान कुठं. आन्‌ मीच वांग्यापाशी पडंन व्हय?"

पण त्यांचा खरा जीव लेझमीत होता. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या मुलींचं लेझीम पथक निघायचं. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, आणि सगळ्यांच्या पुढं मधोमध बाई. लग्न होऊन लोह्याला, धर्माबादला गेलेल्या पोरी त्या दिवसासाठी माहेरी यायच्या. डीजेचा बाईंना भयंकर तिटकारा. "डीजेवर काय, लाइटीचा खांबबी नाचंल. लेझीम वाजवायला माणूस लागतं," असं त्या मंडळाच्या पोरांना तोंडावर सुनवायच्या. पोरं हसायची आणि डीजेची गाडी मागं घ्यायची.

तर अशा बाईंचं हाड मोडलं कशानं? ऐकाल तर कपाळाला हात लावाल. शिस्तीनं मोडलं.

झालं असं, की मागं कधीतरी हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना आठवड्याला एक गोळी दिली होती. रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, वर गिलासभर पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बाईंनी हा नियम असा पाळला, की काय सांगू! रविवारी त्या अंगणात ताठ उभ्या राहून गोळी घ्यायच्या आणि अर्धा तास येरझाऱ्या घालायच्या. काही वर्षांनी येऊन दाखवा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते बाईंच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहिली ती गोळी. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा चुकली नाही. मधे मांडी दुखायला लागली, तर बाईंनी तेल चोळलं आणि बैठका वाढवल्या.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "ही गोळी किती वर्षांपासून घेताय?" बाईंनी छाती पुढं काढून सांगितलं, "दहा वर्षं होत आली. एकबी रविवार चुकवला न्हाई." त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार. डॉक्टरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

मग त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, गोळी वाईट नाही, हजारोंची हाडं तिनं वाचवली आहेत. पण हाड म्हणजे रोज थोडं झिजणारं आणि रोज थोडं नवं होणारं काम. गोळी झीज थांबवते. फार वर्षं सलग घेतली तर एखाद्याच्या बाबतीत डागडुजीच बंद पडते, आणि मांडीचं हाड न पडता, न आपटता मोडतं.

"न पडता!" बाई खाटेवर जवळजवळ उठून बसल्या. "मंदे, ऐकलंस का? डॉक्टरसाहेब, हे जरा दारात जाऊन मोठ्यानं सांगा."

ऑपरेशन झालं. हाडाच्या आतून सळई घातली. दुसऱ्या मांडीचाही फोटो काढला, कारण अशात दोन्हीकडं धोका असतो म्हणे. ती चांगली निघाली, सुटलो बाई! ती गोळी मात्र कायमची बंद झाली. पहिल्या रविवारी बाई सकाळीच खिडकीत बसून होत्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "काय करू गं आता? हात रिकामेच वाटून राहिलेत."

पण हाड काही जुळेना. महिने गेले. दर वेळी फोटो काढायचा, आणि दर वेळी मोडलेल्या जागी ती काळी रेघ तशीच. बाई वॉकर धरून अंगणापर्यंत यायच्या आणि घामाघूम होऊन परत जायच्या. नांदेडहून लेक आली. म्हणाली, "आई, आता बास. तिकडं खालचीच खोली आहे, जिना नाही, काही नाही. चल." बाईंनी साफ सांगितलं, "लेझीम खेळत जयंतीत चालंन, मग येते. तोवर न्हाई." लेक रडली, चिडली, शेवटी मला म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार? बाईंनी जाऊ नये असंच मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन आहे. रोज एक, पोटावर. नवं हाड बनायला लावणारं. मूळचं ते ठिसूळ हाडांसाठी आहे, पण अशी न जुळणारी मोड काही जणांची त्यानं जुळून येते. खात्री देत नाही. नाही जुळलं तर मांडी पुन्हा उघडावी लागेल, दुसरीकडचं हाड आणून भरावं लागेल. "आणि मग लेझीम?" बाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मग लेझीम विसरा."

इंजेक्शन पेनासारखं असतं, टोपण काढून टोचायचं. सासऱ्यांना शुगर होती तेव्हा मी त्यांना इन्सुलिन टोचायची, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. रोज संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबवायचा आणि बाईंकडं जायचं. पहिल्याच दिवशी ओरडा खाल्ला. "आधी हात धू. माझ्या पोटात ज्वारीचं पीठ टोचायचंय का?"

आणि मग कळलं, की बाई सुईला भितात! अहो, ज्यांच्या आवाजानं मैदान गप्प व्हायचं, त्या बाई सुई बघून डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. "थांब, थांब. आत्ता न्हाई. मी सांगते तवा." सांगायच्याच नाहीत. मी म्हटलं, "बाई, तुम्ही असं करा, शिट्टी वाजवा. शिट्टी वाजली की मी टोचणार." ते त्यांना पटलं. रोज संध्याकाळी दणदणीत शिट्टी व्हायची आणि तेवढ्यात माझं काम उरकायचं. गल्लीतल्या बायका त्या शिट्टीवर कुकर लावू लागल्या. एकदा सर्दीनं शिट्टी नीट वाजली नाही, तर समोरच्या काकू धावत आल्या, "काय झालं, आज दिलं न्हाई का?"

पेन थंड राहिलं पाहिजे, पण बर्फ होता कामा नये. मग काय! बाईंच्या फ्रिजला कर्फ्यू लागला. दार उघडलं की आतून हाक, "कोण हाय तिकडं? लाव ते दार! पेन तापंल!" मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दिवसभर लाइट नाही. पलीकडच्या चौकातल्या मेडिकलवाल्याकडं इन्व्हर्टर होता. पेन तिकडं न्यायचं ठरलं. स्टीलच्या डब्यात, डबा ओल्या फडक्यात, फडकं माझ्या छातीशी. दोन बाया माझ्यावर छत्री धरून, आणि बाई वॉकरला टेकून फाटकातून ओरडतायत, "सावलीतून जा गं! सावलीतून! पळू नको, हलंल!" रणरणत्या उन्हात आमची ही वरात बघून लोक रस्त्यात थांबले. मेडिकलवाल्यानं विचारलं, "कोणाचं काय आणलंय?" मी म्हटलं, "बाईंचं हाड हाय." तो घाबरून मागंच सरकला.

त्या सगळ्या दिवसांत एकदाच बाई खचलेल्या पाहिल्या. पहिली जयंती आली तेव्हा हाड जुळलेलं नव्हतं. पथक मुद्दाम आमच्या गल्लीतून आलं आणि त्यांच्या दारात खेळलं. बाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या, "तिसरी रांग, कमरेत वाका!" म्हणून खेकसतही होत्या. पोरी गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले. तर बाई पायाकडं बघत म्हणाल्या, "मंदे, हा पाय माझा वाटतच न्हाई गं. कुणाचातरी आणून ठेवल्यासारखा वाटतोय." डोळे भरले होते त्यांचे. मला रडू आवरेना, म्हणून मी उठून पेन आणलं. त्या दिवशी शिट्टी बारीक वाजली.

मग हळूहळू फोटोत फरक पडू लागला. डॉक्टरांनी दाखवलं, रेघेच्या कडेला धुकं धरल्यासारखं पांढरं दिसत होतं. हे नवं हाड, म्हणाले. पुढच्या वेळी ते आणखी दाट झालं. बाई फोटो उजेडाला धरून गल्लीभर दाखवत फिरल्या, आधी वॉकरवर, मग काठीवर. "हे बघ, हे. हे पांढरं. ह्ये रोजच्या टोचण्याचं हाय." एखादीला काही दिसायचं नाही, तरी ती "हाव, दिसतंय की" म्हणायची. आणि हिवाळा सरता सरता एके दिवशी डॉक्टर म्हणाले, रेघ बुजली. चाला. हळूहळू लेझीमही चालेल, पण उड्या नकोत.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बाईंनी माझा मुका घेतला, भर दुपारी, लोकांदेखत! मी हसत होते आणि आतून मला कसंतरीच होत होतं. कारण आता बाई नांदेडला जाणार, हे ठरूनच गेलं होतं. मीच रोज टोचून टोचून त्यांना जाण्याजोगं केलं होतं. घरी येऊन मी गिरणीत भरपूर रडले. पट्ट्याच्या आवाजात कुणाला कळलं नाही. बाई आता नांदेडलाच असतात. फोनवर बोलणं होतं, पण फोन तो फोन.

जायच्या आधीची जयंती तेवढी सांगते.

गिरणी बंद ठेवून, नवी साडी नेसून मी दुपारपासूनच चौकात उभी होते. हलगी ऐकू आली, निळे झेंडे दिसले, मग पथक दिसलं. पहिल्या रांगेत मधोमध पोरींनी एक जागा मोकळी ठेवली होती. पण त्या जागेत बाई नव्हत्या! पुन्हा काही झालं का? सकाळी तर चांगल्या चालत होत्या. मी गर्दीत घुसले, "बाई कुठायत? बाई?" विचारत रांगांमागं रांगा धुंडाळत गेले. पोरी खेळता खेळता नुसत्या मागं मान करायच्या.

बाई सगळ्यात शेवटच्या रांगेत होत्या. त्या रांगेत याच वर्षी शिकलेल्या चिमुरड्या पोरी असतात. त्यांच्यामधे पांढरी साडी, निळा फेटा, हातात लेझीम, आणि चेहरा घामानं निथळलेला.

"अवं बाई," मी ओरडले, "तुमची जागा पुढं हाय! पोरींनी राखून ठेवलीय!"

"राहू दे गं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "ज्यांना येतं, त्यांनी पुढं उभं ऱ्हावं. मला आत्ता कुठं चालता येऊन राहिलंय."

हलगीचा ठेका बदलला. पोरींनी पावली बदलली आणि बाई चुकल्या. हो, चुकल्या! उजवा पाय पुढं टाकून बसल्या, कारण इतके महिने सगळा भार त्यांनी त्याच पायावर तोलला होता. शेजारची पोर, असेल तिसरीतली, लेझीम न थांबवता गंभीरपणे म्हणाली, "बाई, आधी डावा."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी डावा पाय उचलला, पुढं टाकला, आणि सगळं अंग त्याच्यावर देऊन वाकल्या. लेझीम बरोबर ठेक्यावर वाजली. पोर म्हणाली, "आता जमलं." बाई खदखदून हसल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं रडत होते, आणि ती शेवटची रांग माझ्या दोन्ही बाजूंनी वाजत वाजत पुढं निघून गेली.