शेवटच्या कडव्यातलं नाव

भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. 'अमका म्हणे' अशी ती ओळ असते आणि तिला मुद्रिका म्हणतात. आमच्या वऱ्हाडात मुद्रिकेशिवायचं भजन म्हणजे मिठाशिवायचं पिठलं. म्हणणारा म्हणून टाकतो, पण ऐकणारे एकमेकांकडे बघतात.

माझं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. नाव ऐकलं की मी कोण ते लोकांना कळतं आणि मग पुढचं कुणी ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याला हवंच असेल त्याने अकोल्यात आमच्या गल्लीत जाऊन विचारावं. एवढंच सांगते की ते ख्रिस्ती नाव आहे. शाळेची हजेरी असो की दवाखान्याचा नंबर, ते वाचणारा एकदा मान वर करून माझ्याकडे बघतोच.

माझे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होते. तरुणपणी ड्यूटी संपली की मित्रांबरोबर आसपासच्या खेड्यांत भजनाला जायचे. खंजिरी त्यांच्या हातात आली की बसलेले लोक उठून डोलायला लागायचे, असं त्यांचे मित्र अजून सांगतात. लोक त्यांना 'रेल्वेवाले भाऊ' म्हणायचे. नाव कुणी विचारलं नाही आणि यांनीही आपणहून सांगितलं नाही.

बाबांनी आयुष्यात एकच भजन रचलं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाच्या उपकारस्तुतीला म्हणायला. काळ्या जमिनीने दिलं, ज्याने जमीन दिली त्याचे उपकार माना, असा त्याचा साधा अर्थ. चाल अशी की लहान पोरसुद्धा दुसऱ्या ओळीपासून म्हणायला लागतं. पण त्याला शेवटचं कडवं नाही. बाबांनी मुद्रिका लिहिलीच नाही.

मी कॉलेजात असताना आम्ही दोघं अंजनगाव सुर्जीला आत्याकडे गेलो होतो. तिच्या घराजवळच्या मंदिरात भजन चालू होतं आणि एकदम बाबांचंच भजन सुरू झालं. तेच शब्द, तीच चाल. खेड्यातल्या कुण्या मित्राच्या तोंडून ते कधीतरी तिथवर गेलं असणार. शेवटी मात्र त्या मंडळींनी एक नवीन कडवं जोडलं होतं, आणि त्यात एका मोठ्या जुन्या संताचं नाव. बाबा ओट्यावर बसून मांडीवर ताल धरत होते, चेहरा फुललेला. मी मात्र आतून तव्यासारखी तापले होते. हे तुमचं आहे, त्यांना जाऊन सांगा, असं मी त्यांना म्हटलं.

"हाव. चांगलं म्हनून राहिले न," बाबा म्हणाले. "नावानं काय होते? गानं पोचलं म्हंजे झालं."

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि अजून पटत नाही. गाणं पोचलं हे खरं, पण बाबा कुठे पोचले? आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहिली, वऱ्हाडीत भांडली, ज्वारीची भाकर खाऊन मोठी झाली, आणि तरी कुणी नवीन माणूस भेटला की विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? बडनेऱ्याचे, असं सांगितलं की म्हणतो, नाही, तसं नाही. मी त्या ओट्यावर ठरवलं की मी काही रचलं तर खाली माझं नाव असेल. मग ते गाणं दोन घरं पोचो नाहीतर दोन तालुके.

पुढे मला अकोल्यात एका खासगी शाळेत संगीत शिकवायचं काम मिळालं आणि मी तिथे खोली घेतली. भिंतीला भिंत लागून एक काकू राहत. गल्लीतल्या बायकांचं खंजिरी भजनाचं मंडळ त्या चालवत. एका संध्याकाळी मी पेटीवर आमचं एक गीत वाजवत होते, तर काकू सरळ दारात येऊन उभ्या. त्यांची पेटीवाली लग्न होऊन मोर्शीला गेली होती आणि मंडळ अडलं होतं. मी त्यांना आधीच स्पष्ट सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. नंतर कुणी काही म्हणायला नको.

काकूंनी जरा विचार केला. "मंग तुमच्यातली पेटी येगळी वाजते काय?" त्यांनी विचारलं.

तशी मी मंडळात गेले. त्यांच्या देवाची भजनं त्या म्हणायच्या, मी पेटीची साथ करायचे. नाताळात माझ्याकडच्या करंज्या त्यांनी खाल्ल्या आणि सारणात खोबरं कमी पडल्याचं तोंडावर सांगितलं. माझ्या श्रद्धेचं काय झालं, असं आमच्या चर्चमधल्या काहींनी विचारलं. काही झालं नाही. सूर देणारा कोण हे मला माहीत आहे. त्याने दिलेला सूर शेजारणीच्या उपयोगी पडला तर तो रागावेल, असं मला कधी वाटलं नाही. त्याने दिलेलं जमिनीत पुरून ठेवलं तर मात्र तो जाब विचारेल, याची मला खात्री आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रभागात भजन स्पर्धा जाहीर झाली. त्यात स्वरचित भजनाचा वेगळा गट होता, आणि अट अशी की शेवटी रचणाऱ्याची मुद्रिका हवी. दुसऱ्याचं उचलून आणू नये म्हणून. काकूंनी फर्मान काढलं की तू लिही, शिकली-सवरलेली आहेस.

मी येशूने सांगितलेली एक गोष्ट घेतली. वाटसरूला चोर मारून अर्धमेला टाकून जातात, मोठी माणसं बघून पुढे जातात, आणि ज्याला सगळे परका समजतात तोच थांबून त्याला उचलतो. मी तो वाटसरू अंजनगावच्या बाजारातून अकोल्याच्या वाटेला लावला. एक पुढारी गाडीची काच वर करून जातो. एक जण पांढरा झगा घालून प्रार्थनेला निघालेला, त्याला उशीर होतो म्हणून जातो. हा दुसरा मी मुद्दाम आमच्यातला घातला, कारण दुसऱ्याच्या घरात बसून दुसऱ्यालाच बोल लावणं मला बरं दिसेना. मग ज्याच्या हातचं पाणी गाव पीत नाही असा एक जण सायकलवरून उतरतो. ध्रुपद असं होतं:

कोण माझा शेजारी, बाई, कोण माझा शेजारी
धुळीत होतो पडलो तेव्हा थांबला भर दुपारी

बायकांना ते लगेच लागलं. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिचा भाऊ तसाच रस्त्यावर पडून राहिला होता. शेवटचं कडवं मी अजून दिलं नव्हतं, तरी काकू गाण्याच्या भरात पुढे गेल्या आणि सवयीने त्याच जुन्या संताचं नाव जोडून 'म्हणे' म्हणून मोकळ्या झाल्या. बायका खळखळून हसल्या. मला मात्र अंजनगावचा ओटा आठवला आणि माझी बोटं पेटीवरच थांबली. काकू आपल्याच तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, मग कोणाचं टाकू? माझं, असं मी सांगितलं, आणि ओळ म्हणून दाखवली. पुढे माझं नाव, आणि मग 'म्हणे, ज्याने उचलले तोच खरा शेजारी'.

कुणी हसलं नाही. 

भजनात पुढे म्हणणारी एकटी असते, पण प्रत्येक ओळ मागच्यांनी उचलायची असते. मागच्यांनी न उचललेली ओळ पडते. म्हणजे माझं नाव मी एकटीने घेऊन भागणार नव्हतं. भर मंडपात, माईकवर, ते या सगळ्या बायकांनी घ्यायचं होतं.

दोन दिवसांत ही गोष्ट स्पर्धेच्या अध्यक्षांकडे पोचली. त्यांचं चौकात सिमेंटचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पाणी आलं नाही तर टँकर पाठवणारा आहे. ते काकूंच्या ओसरीवर येऊन बसले, भजन ऐकलं, एक नंबर झालंय म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले की फक्त ते नाव तेवढं बदला, 'दासी म्हणे' टाका. मंडपात पोरं मोबाइल घेऊन बसलेली असतात, कुणी तेवढाच तुकडा काढून फिरवला की भजनाच्या नावाखाली प्रचार चालू आहे, तर निस्तरायचं कोणी? त्यांची भीती खोटी नव्हती. असे तुकडे फिरतात, आणि माझ्याच ओळखीच्या लोकांना त्याचा ताप झाला आहे.

पण मला दासी पटेना. "भाऊ, गाण्यात येशूचं नाव नाही," मी म्हणाले. "गोष्ट त्याची आहे, नाव फक्त माझं आहे. तेही चालत नसेल तर मग मीच चालत नाही, असं सरळ सांगा."

ते सरळ सांगायला तयार नव्हते. बघा बुवा, म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले.

रविवारी अमरावतीला गेले तर आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांच्याही कानावर गेलेलं. तो झगेवाला म्हणजे मी काय, असं त्यांनी आधी हसून विचारलं. नंतर जे विचारलं ते मात्र टोचलं. येशूचं नाव गाण्यात नाही आणि तुझं आहे, हा कुठला न्याय? मी परतीच्या गाडीत सगळा वेळ त्यावरच विचार करत होते. उत्तर मूर्तिजापूरच्या पुढे सापडलं. तो स्वतः गोष्टी सांगायचा तेव्हा त्यात आपलं नाव घालत नसे. ऐकणाऱ्याला लागलं पाहिजे, एवढंच बघायचा. त्याला माझ्या मुद्रिकेची गरज नाही. मला आहे, कारण मला या गावात राहायचं आहे. गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी सांगेन. न विचारता सांगणार नाही आणि विचारल्यावर लपवणार नाही.

बाबांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले की नाव कायले टाकतं, उगीच लोकायच्या डोयात येशील. मी म्हटलं, यायचंच आहे.

स्पर्धेच्या दिवशी मी बायकांना सांगून टाकलं की शेवटची ओळ मी एकटी म्हणेन, कुणी उचलली नाही तरी राग मानणार नाही. हे खोटं होतं, राग मला येणारच होता. एकीचा मुलगा अध्यक्षांच्या दुकानात कामाला होता, ती खाली बघत राहिली.  काकूंनी पदर खोचला आणि खंजिरी घेऊन त्या उभ्या राहिल्या.

मंडप भरलेला होता. मागच्या रांगेत, कानाला मफलर गुंडाळून, बाबा बसले होते. येतो म्हणून सांगितलंही नव्हतं. भजन चांगलं रंगलं. काच वर करणाऱ्या पुढाऱ्यावर लोक हसले, झगेवाल्यावर तर जास्तच. सायकलवाला उतरला तेव्हा मंडप गप्प झाला. मग शेवटचं कडवं आलं. मी माझं नाव घेतलं, 'म्हणे' म्हटलं, ओळ पूर्ण केली आणि सूर धरून ठेवला.

मागे फक्त टाळ वाजत होते. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. मला भीती वाटली, खरंच वाटली.

मग काकूंचा आवाज आला. त्यांनी माझं नाव घेतलं, रोज भिंतीपलीकडून चहाला हाक मारतात तसंच, अर्धं वऱ्हाडी करून, आणि ओळ उचलली. त्यांच्या मागून बाकीच्यांनी उचलली. काकू थांबेनात. तीच ओळ परत, खंजिरी डोक्यावर नेऊन परत. जिचा मुलगा दुकानात होता ती टाळ वाजवत राहिली, पण तिने तोंड उघडलं नाही. तिची अडचण मला कळते. राग अजून थोडा आहेच.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, भिंतीवरचं घड्याळ. परीक्षकांना काही समजत नाही, असं काकूंनी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. अध्यक्षांनी कागदावरून माझं नाव वाचलं. पहिल्यांदा अडखळले, मग नीट वाचलं. खाली उतरल्यावर एका आजोबांनी विचारलं की ही गोष्ट कुठली, आणि मी सांगितली. बरी आहे म्हणाले आणि चप्पल शोधायला गेले.

बाबांना सोडायला मी स्टेशनवर गेले. बडनेऱ्याकडची गाडी यायला अवकाश होता. बाबा बाकावर घड्याळाचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. 

"माह्या भजनाले शेवटचं कडवं नाही," ते म्हणाले.

मला माहीत आहे, मी म्हटलं.

त्यांनी खोक्यावर बोटांनी ताल धरला. आपलंच भजन हळू आवाजात पहिल्यापासून म्हणत गेले, आणि जिथे ते संपतं तिथे थांबले नाहीत. स्वतःचं नाव घेतलं. पुढे 'म्हणे' म्हणाले आणि अडले. इतक्या वर्षांत पुढची ओळ कधी लागलीच नव्हती, ती सुचेना. बाजूच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली, तसा त्यांचा आवाज बसत चालला.

बापाचं नाव मुलीने तोंडाने घ्यायचं नसतं. पण ओळ पडत होती. मी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, मोठ्याने, आणि ओळ उचलली.