मोटार आधी कुणी लावायची

कुंभकोणमला आमचं घर एका देवळाच्या भिंतीसमोर होतं. देवळाभोवती चारही बाजूंनी रस्ता आणि त्या रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला घरं, एकाला एक चिकटलेली, फिरून परत पहिल्या घराला मिळणारी. पाण्याचा पाइपही तसाच गोल गेलेला. उन्हाळ्यात पाण्याला जोर नसायचा, म्हणून नव्वदच्या सुमाराला घराघराने नळाला छोटी मोटार बसवून घेतली. मग एक नवीनच गंमत झाली. शेजारी शेजारी असलेल्या दोन घरांनी एकदम मोटार लावली की दोघांच्याही नळातून नुसती हवा यायची. पहाटे पाणी सुटलं की सगळेच एकदम मोटार लावत आणि सगळ्यांचेच हंडे कोरडे राहत.

सगळ्यांनी एकत्र बसून पाळ्या ठरवणं सोपं होतं. पण उत्सवाच्या पालखीवरून रस्त्यात जुनी भांडणं होती. दक्षिणेकडचे उत्तरेकडच्यांशी बोलत नव्हते, पूर्वेकडचे कुणाशीच नाही. फक्त भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याशी बोलणं चालू होतं, कारण विरजण लागलं तर जाणार कुठे?

मी तेव्हा मद्रासला संशोधन करत होते. माझा विषय असा : पुष्कळ यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, प्रत्येकाला फक्त आपल्या शेजाऱ्याशी बोलता येतं, तर थोडक्या बोलण्यात सगळी मिळून चांगला निर्णय घेऊ शकतात का? मे महिन्यात घरी आले आणि आईने रिकामी कळशी माझ्यापुढे ठेवली. एवढं शिकतेस तर यावर काही काढ, असं तिचं म्हणणं. मला तर हा विषयच दारात आल्यासारखं वाटलं.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आधी सम-विषम सुचवलं : पहिल्यांदा सम नंबरांनी मोटार लावायची, मग विषम नंबरांनी. ते बँकेत होते, त्यांना सरळ मार्ग आवडत. पण आमच्या रस्त्यावरचे घरनंबर चढते असले तरी सलग नव्हते. दोन घरांचं एक झालं, गोठा पडला, मधले नंबर गेले. कितीतरी ठिकाणी दोन सम नंबर शेजारी शेजारी होते.

मी नियम काढला : दोन्ही शेजाऱ्यांचे नंबर पाहा. तुमचा दोघांपेक्षा मोठा असेल तर मोटार लावा. तुमचं झालं की शेजाऱ्याला सांगा, मग उरलेल्यांनी तसंच करायचं. नियम भिंतीवरून भिंतीवर तमिळमध्ये पसरला. बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत आमची जुनी मराठी, असंच आमचं चालायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटलं आणि अख्ख्या रस्त्यावर एकच मोटार वाजली. ती सगळ्यात मोठ्या नंबरच्या घरची होती, पापनाशमहून निवृत्त होऊन आलेल्या पोस्टमास्तरांची. नंबर ओळीने चढत गेलेले, त्यामुळे प्रत्येकाचा एक शेजारी त्याच्याहून मोठा होता. एकट्या पोस्टमास्तरांचा नव्हता. त्यांनी टाकी भरली, पिंप भरलं, घंगाळ भरलं, सावकाश आंघोळ केली, ओटा धुतला आणि मग शेजाऱ्याला कळवलं. पाळी तिसऱ्या घरापर्यंत पोचली आणि पाणी गेलं.

शेजारच्या मामी भिंतीवरून अतिशय शांतपणे म्हणाल्या, "मद्रासला हेच शिकवतात का?"

मी वही घेऊन ओट्यावर बसले. अप्पा कॉफी घेऊन शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "शेजाऱ्याच्या पलीकडच्यालाही विचारलं तर?"

मी करून पाहिलं. दोन घरं पलीकडे पाहा, पाच घरं पाहा, पोस्टमास्तरांच्या आसपासची घरं सोडली तर प्रत्येकाला चित्र एकच दिसायचं : एका बाजूला लहान नंबर, दुसऱ्या बाजूला मोठे. चित्र एकच, तर नियम कितीही हुशार असो, निर्णयही एकच. एक तर सगळे मोटार लावणार, नाही तर कुणीच नाही. नंबरांच्या आकड्यांवरून काही आडवळणाचा नियम काढला, तरी त्याला फसवतील असे आकडे शोधून देता येतील असं मला दिसायला लागलं. म्हणजे थोडक्या घरांशी बोलून बऱ्यापैकी उत्तरसुद्धा मिळत नाही. वर्षभर माझे मार्गदर्शक मला जे विचारत होते, त्याचं उत्तर हेच होतं. मला इतका आनंद झाला की मी आत धावत जाऊन आईला सांगितलं.

अप्पांनी मला पुन्हा सगळं समजावून सांगायला लावलं आणि नीट ऐकून घेतलं. "म्हणजे हे होणार नाही हे तू सिद्ध केलंस," ते म्हणाले. "बरं झालं. आता पाणी?"

आईने पल्लांकुळीच्या खेळाच्या डब्यातल्या कवड्या काढून दिल्या, पण ती युक्ती माझी. पहाटे प्रत्येक घराने कवडी टाकायची. आपली उताणी आणि दोन्ही शेजाऱ्यांची पालथी पडली, तर मोटार लावायची. राहिलेल्यांनी थोड्या वेळाने पुन्हा टाकायची. नशिबाने मात्र सगळ्यांना सारखं चित्र दिलं नाही. रस्त्यावर इथे-तिथे मोटारी वाजू लागल्या आणि हंडे बऱ्यापैकी भरू लागले. मामींची कवडी रोज उताणीच पडायची. पोस्टमास्तरांना आपलं पहिलेपण गेल्याचं फार लागलं. ते म्हणायचे, नियम पहिलाच शास्त्रशुद्ध होता. अप्पा मामींना कवडी भिंतीवर, आपल्या डोळ्यांदेखत टाकायला सांगू लागले, तेव्हा मामींनी दोन दिवस विरजण बंद केलं.

पाऊस पडेपर्यंत ते तसंच चाललं. पुढे माझा प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला अप्पा धुतलेली वेष्टी नेसून मद्रासला आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. परीक्षकांनी मला विचारलं, हा प्रश्न व्यवहारात कुठे येतो? मार्गदर्शकांनी पढवल्याप्रमाणे मी संगणकांच्या जाळ्याबद्दल सांगायला सुरुवात केली.

"आमच्या घरी," मागून अप्पा म्हणाले.

परीक्षकांनी मला थांबवलं आणि आपली खुर्ची अप्पांकडे वळवली.