हॉल पाडा म्हणणारे चाचा

पालिकेच्या जुन्या बॅडमिंटन हॉलवर चाचांचा भारी जीव. कापड विणायच्या लूमचा धंदा मुलाकडे सोपवून ते रोज सकाळी खेळायला येत. हरले की गळक्या छपराला शिव्या घालत, पण दुसऱ्या कुणी हॉलला नावं ठेवली की भडकत, "तुला खेळता येत नाय, ते बोल!"

हॉल पाडून नवा बांधायचा का, हे ठरवायला नगरसेवकांनी तिथेच बैठक बोलावली. चाचा विरोध करणार, अशी तिथे खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांची खात्री होती.

ते उठले. "पाडा. खूप वर्षं झाली, माझ्या मुलीला इथे खेळायचं होतं. बायकांना कपडे बदलायला इथे खोलीच नाय. दोन दिवस आली, मग यायची बंद झाली."

नवा हॉल मंजूर झाला. बाहेर पडताना मी विचारलं, "चाचा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मी खेळत होतो ना," ते म्हणाले.