चाळणी १.०

येरमाळ्याचा प्रेमानंद कळंबच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळायचा. म्हणजे बहुतेक वेळ लोकांनी उपटलेल्या वायरी परत खोचायचा. प्रवेशाच्या यादीत एकच पोरगी तीनदा यायची, कारण कुणी नावाआधी जागा सोडलेली, कुणी नावानंतर. ते निस्तरायला त्यानं लॅबमधल्या लिनक्स प्रणालीवर छोटा प्रोग्रॅम लिहिला, ‘चाळणी’. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की जादा नावं गळायची आणि खाली ‘झालं’ असं उमटायचं. तीन वर्षं एकही तक्रार आली नाही. वापरणारा तो एकटाच होता.

मग पुण्यात नोकरी करणाऱ्या गौरीनं, त्याच्या जुन्या विद्यार्थिनीनं, चाळणी मागितली. तिचा लॅपटॉप मॅक, म्हणजे प्रणाली वेगळी. प्रेमानंदनं ऐटीत पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“सर, ‘झालं’ म्हणतीय, पण झालं काहीच न्हाय.”

त्यानं आधी मॅकला दोष दिला, मग पुण्याला. गौरीनं शांतपणे एकेक चूक वाचून दाखवली. चाळणी तिच्या मशीनवर प्रेमानंदच्या घरचं फोल्डर हुडकत होती. लिनक्सवर चालणारी एक आज्ञा मॅकला वेगळ्या तऱ्हेनं द्यावी लागत होती. आणि मधे कितीही आपटलं तरी शेवटी ‘झालं’ छापायचंच, हे खुद्द त्यानंच लिहून ठेवलेलं. हे त्याला लई लागलं. काम न करता ‘झालं’ म्हणणाऱ्या माणसांना तो रोज शिव्या घालायचा.

पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत तो त्यावर बसला. घरच्या फोल्डरचा पत्ता काढून टाकला, दोन्हीकडं चालतील तेवढ्याच आज्ञा ठेवल्या. बिघडलं तर बिघडलं म्हणून थांबायचं, मूळ यादीला हात लावायचा नाही, असं ठरवलं. मदतीचं पान लिहून लॅबमधल्या राजेश्वरीबाईंना वाचायला दिलं.

“हे तुमाला ठाऊक हाय म्हणून तुमी लिवलंय,” त्या म्हणाल्या. “मी टाइप काय करायचं, ते कुठंय?”

त्यानं निमूट पहिल्याच ओळीत उदाहरण घातलं. गौरीच्या मॅकवर चाळणी चालली, तेव्हा १.० असा आवृत्तीचा आकडा टाकून त्यानं ती इंटरनेटवर जगासाठी खुली केली.

आठवडाभर जगानं ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर ब्राझीलमधल्या कुणा अनोळखी माणसानं कळवलं, आमच्या याद्यांवर चालली. प्रेमानंदनं आईला, मुक्ताबाईला, सांगितलं.

“तिकडं चाळण्या मिळत न्हाईत व्हय?” तिनं विचारलं.

समजावून सांगायचा नाद त्यानं सोडला आणि आभाराचं पत्र लिहायला बसला. इंग्रजीत, तीनदा खोडून.