आमच्या घराला 'दार' निघालं ते वर्ष

सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला वेदीपुढं तांब्याची तपेली ठेवायची, तिच्यात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर प्रभूचं एकेक नाव. घरटी एकानं हात घालायचा आणि जे नाव निघेल ते वर्षभर जगून दाखवायचं. 'जीवनाची भाकर' निघाली, की आल्यागेल्याला जेवू घालणं आलं. त्या घरच्या बाईचं तोंड बघण्यासारखं होई. 'राजांचा राजा' ज्याला निघे, त्यानं देवळातल्या सतरंज्या झाडायच्या. आमच्या गावच्या धुळीत हे राज्य कुणालाच नको असे.

मी मिशनच्या शाळेत शेवटच्या वर्गात होते, तेव्हा पाळकसाहेबांना 'उत्तम मेंढपाळ' निघालं. चिठ्ठीनं माणूस बरोबर ओळखला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. त्यांनीच मला वाचायला शिकवलं होतं आणि माझा त्यांच्यावर बापाइतका जीव होता. आम्हाला निघालं 'दार'; 'मी दार आहे' असं प्रभूनं म्हटलंय ना, ते. आई म्हणाली, "बरं झालं बाई, दाराला रांधावं तरी लागत न्हाय."

आबा, माझे वडील, हसले नाहीत. ते जन्मानं धनगर; दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा सांगोल्याकडून येऊन गिरणीत लागलेले. ते म्हणाले, "मेंढरांच्या वाडग्याला दाराची फळी नसती. काट्याच्या कुपाटीत एक जागा मोकळी सोडायची आन् तितं मेंढपाळानं सोता आडवं पडायचं. लांडगा आला तर आदी त्याच्या अंगावरनं. दार म्हंजी हे." त्यांनी चौकटीवर गेरूनं 'दार' लिहिलं आणि कडी उपटून काढली.

उन्हाळ्यात त्याच दारातून माझी मैत्रीण आत आली. बोर्डिंगातली अनाथ पोर, शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिला मिरजेला जाऊन नर्स व्हायचं होतं. पाळकसाहेबांनी तिचं लग्न ठरवलं होतं, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या आपल्याच नात्यातल्या बिजवराशी. त्याच्या मुली तिच्याएवढ्या होत्या. चुलीपुढं बसून ती आईला म्हणाली, "मला तिकडं धाडू नका. एवढंच."

आबा उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "हितं हाईस तवर तुला कोन न्हेत न्हाय."

दोन दिवसांनी पाळकसाहेब आले. घोंगड्यावर बसले, चहा प्याले, आईच्या चहाची तारीफ केली. मग म्हणाले, "यंदा मी मेंढपाळ आहे ना? मेंढराला ओढत नेईन होय? तिच्या मनाविरुद्ध काही होणार नाही. तिला बोर्डिंगात परत येऊ द्या, मडमबाई काळजीत आहेत." डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली. ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. आबा म्हणाले, "जा पोरी. सायबांचा शब्द हाय." आणि उंबऱ्यातून उठले. तिचं बोचकं मी बांधलं, तेही आनंदानं.

त्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी वेदीवरून सांगितलं, की आदल्या दिवशी कुर्डुवाडीला एक मंगल विवाह झाला. त्यांनीच लावला होता. मग त्यांनी गीताचा आकडा सांगितला. सगळे गायले. मी गीताचं पुस्तक मिटलं. इतकी वर्षं मी ज्याच्या तोंडाकडं बघून देव कसा असेल ते ठरवत होते, तो माणूस खोटं बोलून वर सुरात गात होता.

आबा देवळाबाहेर त्यांना आडवे गेले. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मेंढराला आपलं हित कळत नाही. मेंढपाळाला कळतं."

"मेंढरं आमीबी इकली, सायेब," आबा म्हणाले. "पन इकताना डोळं मिटून प्रार्थना न्हाय केली."

मंडळीतले लोक रांगेनं साहेबांशी हात मिळवून घरी गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथं पाहिला. आजही कुणी प्रभूला मेंढपाळ म्हटलं तर मी मान डोलावते. माणसाला म्हटलं, की माझं डोकं फिरतं.

नाताळाला ती नवऱ्याबरोबर सोलापूरला आली. अंगानं वाळली होती. देवळामागच्या लिंबाखाली मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आपल्याला फसवलं गं त्यांनी."

तिनं हात सोडवून घेतला. "ते तर न्यायलाच आले होते," ती म्हणाली. "त्यांच्यापासून पळूनच तुमच्याकडं आले होते की मी. बाजूला झाले ते तुझे आबा."

घरी आले तर आई भाकरी थापत होती. आबा उंबऱ्यात घोंगडं टाकून आडवे पडले होते. त्या रविवारपासून गिरणीतून आले, की ते तिथंच पडत. आता कुणाला राखताय, असं आई विचारी आणि ते कूस बदलत. मैत्रिणीचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ओलांडून आत गेले.