ई आणि एफच्या मध्ये

पंधरा वर्षं गिटार वाजवून झाल्यावर मी सुरांची बाराखडी शिकायला गेलो, तेही लपून. महाडमध्ये मला सगळे मास्तर म्हणत. लग्न असो, हळद असो, गणपती असोत, आमचा सात जणांचा ऑर्केस्ट्रा जिथे जाई तिथे गिटार माझी. एका फाटक्या तक्त्यावरून सी, डी, ई अशा कॉर्डना बोटं कुठे ठेवायची ते पाठ केलं होतं, बाकी सगळा कानाचा कारभार. आता मला क्लास काढायचा होता, आणि कुणी ‘असं का?’ विचारलं तर माझी बोबडी वळणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

शिकवणारे गृहस्थ बिरवाडीत खोली घेऊन राहत. कारखान्यात फिटर, संध्याकाळी भजनात पेटी. माझ्याहून वयाने लहान, हेही मला टोचत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "गाणं एक सूर वर घ्यायचं तर काय करता?"

मी तोऱ्यात म्हणालो, "सोपं आहे. प्रत्येक कॉर्ड एक अक्षर पुढे. सीचा डी, एफचा जी, ई मायनरचा एफ मायनर."

त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "ई आनि एफच्या मधी काळी पट्टी हाय का, बघा."

नव्हती.

"म्हंजी तिथं अंतर अर्ध्याच सुराचं. मग तुमचं बाकीचं गानं पूर्ण सूर चढलं, आनि हा एकटा कॉर्ड अर्ध्यावरच राहिला. गानारा तिथं उगाच बेसूर वाटनार."

अशीच बेसूर वाटलेली एक बाई मला आठवली.

सात-आठ वर्षांपूर्वी पोलादपूरची एक शिवणकाम करणारी ताई आमच्यात गायला आली होती. आवाज मोकळा, स्वच्छ. गणपतीतल्या कार्यक्रमाच्या तालमीत तिने गाणं एक सूर वर मागितलं. मी माझ्या पद्धतीने वर नेलं. अंतऱ्यात ई मायनर होता, त्या एकाच ओळीला दरवेळी खटकायचं. आमच्यात पेटीवाला नव्हता. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत. खटकतंय हे मलाही ऐकू येत होतं, पण चूक आपली असेल हे मनाला शिवलं नाही. मी माइकवरूनच म्हणालो, "ताई, तुमचा सूर चढतोय. घरी जरा रियाज करत जा." मंडळाची माणसं हसली. तिला आम्ही कोरसमध्ये उभं केलं. पुढच्या वर्षी ती आलीच नाही, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. आज याचीच जास्त लाज वाटते.

रविवारी मी पोलादपूरला तिच्या घरी गेलो. ती मशीनवर बसली होती. चूक माझी होती, तुमचा सूर बरोबर होता, असं सगळं सांगून टाकलं.

तिने दोरा तोडला. "ते मला तवाच कळत होतं, मास्तर. पन तुम्ही बोललात म्हनून सगल्यांना तेच खरं वाटलं. घरच्यांना पन. त्यांनी परत जाऊच दिलं नाय."

मी म्हणालो, "माफ करा, ताई."

"तवा माइकवर बोललात," ती म्हणाली. "आज एवढ्या हळू का बोलताय?"

पडवीत तिची जाऊ तांदूळ निवडत होती. मी खरंच हळू बोलत होतो, त्या जावेला ऐकू जाऊ नये म्हणून.