कार्डात राहिलेली ओसरी

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव बुडण्याआधी मी मोबाईलवर घराचे फोटो काढले होते. पुढे मोबाईल बंद पडला, म्हणून त्यातलं मेमरी कार्ड घेऊन आई अन् मी भंडाऱ्यातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या संगणकावर आमची ओसरी दिसली.

“बॅटरी नाई, तं फोटो राह्यले कसे?” आईनं विचारलं.

“कार्डात बारीक कप्पे असतेत, काकू. त्यात विजेचे कण कोंडून राहतेत, लाइन गेली तरी निघत नाई,” दुकानदार म्हणाला. “पण कार्ड लई वर्षं पडून राह्यलं, तं हळूहळू निसटतेत.”

“मंग राहतेत का जातेत?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, पण कोंडलेल्या विजेची ओसरी कशी होते, हे मलाही उमजलं नाही. शेवटी फोटो कागदावर छापून घेतले. तरी बसमध्ये आई विचारत होती, “मंग आता कार्डात काय उरलं?”